पान एकेचाळीसची तळटीप

निवृत्ती गायधनींच्या पत्राला मी तेरा वर्षे उत्तर दिले नाही. पत्र हरवले नव्हते. टेबलाच्या डाव्या खणात, लॉगॅरिदमच्या जुन्या कोष्टकांच्या पुस्तकात ते घडी घालून ठेवलेले होते. दर दिवाळीत खण आवरताना मी ते पुस्तक उचलत असे, खालची धूळ पुसत असे आणि पुस्तक पुन्हा तिथेच ठेवत असे.

पत्र दीड पानाचे. आखीव कागद, निळी शाई, भांडारपालाचे अक्षर: प्रत्येक आकडा सुटा, प्रत्येक ओळ समासाला टेकलेली. शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे.

"सर, नोकरीचं जे व्हायचं ते झालं. त्यासाठी मी आपल्याला त्रास देत नाही. एकच विचारायचं आहे. ओवीने त्याला कुंकू लावलं, दोन्ही हात ठेवले आणि कपाळ टेकवलं. पाच मिनिटं तरी ती त्याच्याजवळ होती. तिला पुढे काही होईल का? एका ओळीत कळवलं तरी चालेल. आपण जे लिहाल ते मी खरं मानीन."

ओवी ही त्यांची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. आणि 'त्याला' म्हणजे कशाला, हे सांगायचे तर भोरकड्यापासून सुरुवात करावी लागेल.

भोरकडा पठारावरच्या लष्करी डेपोत मी पहिल्यांदा गेलो ते २०३२ साली. तिथे काय ठेवलेले असते हे पायथ्याच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. मी सैनिक नाही. किरणोत्सार मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी केली, आणि तिथेही माणसांपेक्षा कपाटांजवळच जास्त बसलो.

डेपोच्या कोठारात दोन प्रकारचे नग होते. काही खरी अण्वस्त्रे, आणि काही सरावासाठी केलेल्या त्यांच्या प्रतिकृती. आकार, रंग, वजन, सगळे तंतोतंत सारखे, कारण उचलण्याठेवण्याचा सराव खऱ्यासारखाच व्हायला हवा. फरक एकच. सरावाच्या नगाला पिवळी कापडी पट्टी बांधलेली असे. एवढ्या मोठ्या गोष्टीचा भरवसा एका पट्टीवर होता, आणि ते कोणाच्या तरी लक्षात आले म्हणून आमच्याकडे यंत्राची मागणी आली.

यंत्र म्हणजे कोठाराच्या दारात बसवलेली एक चौकट. तिच्यामागचे विज्ञान अवघड नाही. प्लुटोनियमचा अणू, त्याला कोणी हात लावला नाही तरी, अधूनमधून आपोआप फुटतो. फुटताना तो न्यूट्रॉन बाहेर फेकतो, आणि तेही एकेकटे नव्हे, दोन-तीन एकदम. शिसे किंवा पोलाद त्यांना फारसे अडवू शकत नाही. आकाशातूनही न्यूट्रॉन सतत येतच असतात, पण ते सुटेसुटे. रस्त्याने एकेकटी जाणारी माणसे आणि लग्नाच्या बसमधून उतरणारे घोळके यांत जो फरक, तोच इथे. आमची चौकट घोळके मोजत असे. ट्रॉलीवरचा नग चौकटीतून जायला चाळीस सेकंद लागत. त्या वेळात घोळके सापडले की लाल दिवा लागे आणि घंटी वाजे. सरावाच्या नगात नुसते शिसे भरलेले. त्यातून काही येत नाही.

काही येत नाही, हे अगदी शंभर टक्के खरे नाही. अवकाशातून क्वचित एखादा फार वेगवान कण येतो, शिशावर आदळतो आणि त्यातूनही न्यूट्रॉनचा एक घोळका उडतो. एका सेकंदाच्या फार छोट्या भागापुरता. यंत्राची पुस्तिका लिहिताना मी पान ४१वर तळटीप दिली: 'अशा कणामुळे सरावाच्या नगाबाबत चुकीची सूचना मिळणे शक्य आहे.' सहकारी म्हणाले, काढून टाक, वाचणाऱ्याच्या डोक्यात नसती शंका कशाला घालतोस. मला राहवले नाही. खात्री नसताना खात्रीने लिहिणे मला कधी जमले नाही. खात्री असतानाही जमत नाही, हे नंतर कळले.

चौकट बसवायला मी तिथे दोन महिने राहिलो. निवृत्ती गायधनी कोठाराचे भांडारपाल होते. दुपारी आम्ही एकत्र जेवत असू. मी मेसचा डबा उघडण्याआधीच ते अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या झाकणात ठेवत. मला बोलायला सुचत नसे, ते त्यांना चालत असे. ते स्वतःच बोलत. चौकटीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सासू केले. "सर, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काय नेलं, एवढंच हिचं काम. जेवायला मात्र मागत नाही, एवढं बरं." सरावाच्या नगाला ते मुका म्हणत आणि खऱ्याला बोलका. बघता बघता सगळा डेपो तसे म्हणू लागला. निघताना मी त्यांना आकाशदर्शनावरचे एक जाड पुस्तक वाचायला दिले. आयुष्यात मी आपणहून पुस्तक दिले अशी माणसे फार नाहीत.

पुढचे सगळे २०३४च्या खंडेनवमीचे.

डेपोत त्या दिवशी शस्त्रपूजा होई. वसाहतीतल्या बायकामुलांना बाहेरच्या शेडपर्यंत यायची मुभा असे. शेडमध्ये रांगोळी काढून एक मुका पूजेला ठेवत. खऱ्याला बाहेर काढायचे नाही, मुक्याला हळदकुंकू वाहिले की आतल्या सगळ्यांना पोचले, अशी तिथली समजूत. पद्धत जुनी होती आणि तोवर तीत काही वावगे झाले नव्हते.

नवमीच्या आदल्या दिवशी कोठाराची साफसफाई झाली. नग मांडणीवरून उतरवून फरशी धुतली. नव्या अधिकाऱ्यांना पूजेत मळकी पट्टी दिसायला नको होती, म्हणून मुक्यांच्या जुन्या पट्ट्या सोडल्या आणि नव्या मागवल्या. दुपारी तुकडी बदलली. तिसरा आणि चौथा, एवढे सांगून सकाळचे लोक जेवायला गेले. सकाळचे लोक दाराकडून मोजत होते. दुपारच्यांनी मागच्या भिंतीकडून मोजले. नव्या कोऱ्या पिवळ्या पट्ट्या दोन खऱ्या अण्वस्त्रांना बांधल्या गेल्या. नगाचा क्रमांक तळाशी असतो, आणि तळ लाकडी पाळण्यात दडलेला असतो. गायधनी त्या दिवशी नारळ आणि फुले आणायला तालुक्याला गेले होते.

नवमीला सकाळी ट्रॉली चौकटीतून बाहेर निघाली आणि घंटी वाजली. ती चाळीस सेकंद वाजत राहिली. त्या महिन्यात एका सैल वायरीमुळे ती दोनदा उगाच वाजली होती. कोठारावरचे अधिकारी घड्याळ बघत होते, बाहेर बायका आरतीची ताटे घेऊन उन्हात उभ्या होत्या.

"गायधनी, तुमच्या सासूला भूक लागलेली दिसते," ते म्हणाले. "तिच्यापुढे पण एक नारळ फोडा. आणि बंद करा ती घंटी."

सगळे हसले. गायधनींनी घंटी बंद केली आणि नोंदवहीत लिहिले: 'स. ९.४०. एक नग बाहेर. चौकट बोलली. आज्ञेवरून घंटी बंद.'

मग ते शेडमध्ये जाऊन उभे राहिले. ओवी नवा परकर घालून रांगेत होती. त्यांनी तिला थांबवले नाही. पत्रात त्यांनी याबद्दल एकच वाक्य लिहिले होते: "मला संशय होता, पण साहेब हसत होते." नगापुढे कापूर पेटवला गेला. ओवीने कुंकू लावले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तो नग एका पहारेकऱ्याच्या भरवशावर शेडमध्येच राहिला, झेंडूच्या माळांसकट. तिसऱ्या दिवशी सकाळी परत नेताना चौकटीचा लाल दिवा पुन्हा लागला. या वेळी गायधनींनी ट्रॉली अडवली, पाळण्याखाली हात घालून आरसा धरला, क्रमांक वाचला आणि स्वतः लेखी अहवाल दिला.

चौकशी समितीने मला बोलावले. तीन माणसे, लांब टेबल, थंड झालेला चहा. पान ४१ माझ्यापुढे सरकवण्यात आले.

"ही तळटीप तुमची?"

"हो."

"म्हणजे, मुका नग असूनही चौकट वाजणं शक्य आहे?"

"शक्य आहे," मी म्हणालो.

पुढे 'पण' म्हणायचे होते. पण तो कण क्षणार्धात येऊन जातो, तो चाळीस सेकंद टिकत नाही. पण एकाच नगाबाबत दोन दिवसांच्या अंतराने दोनदा असे होणार नाही. पण मोजलेले घोळके त्या खोट्या सूचनेच्या कित्येक पट आहेत. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही. अध्यक्षांनी फाईल मिटली आणि माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले. मला कोणी धमकावले नाही, कोणी तोंड दाबले नाही. दार दहा पावलांवर होते. मी ती दहा पावले चाललो आणि बाहेर आलो.

निकाल लागला की पूजेला ठेवलेला नग सरावाचाच होता, यंत्राने चुकीची सूचना दिली, आणि भांडारपालाने क्रमांक चुकीचा वाचून खोटी घबराट पसरवली. गायधनींना नोकरीवरून काढले. त्यानंतर तीन आठवड्यांनी मला पत्र आले.

पत्र आले त्या दिवशीच मी गणित मांडले. खऱ्या नगाला पाच मिनिटे टेकून उभ्या असलेल्या मुलीला किती किरणोत्सार मिळेल? छातीच्या एका एक्स-रेत मिळतो त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. दोन दिवस समोर बसलेल्या पहारेकऱ्यालाही, आपण सगळे वर्षभरात जमिनीतून आणि आकाशातून घेतो त्याहून कमी. ओवीला काही होणार नव्हते. धोका होता तो वेगळाच होता. ट्रॉली कलंडली असती, कापराने शेड पेटली असती, तर नगातल्या साध्या स्फोटकाने तो फुटला असता आणि प्लुटोनियमची धूळ सगळ्या पठारावर बसली असती. तसे झाले नाही, हे केवळ दैव. पण मुलगी सुरक्षित होती, आणि ते एका ओळीत लिहिता येत होते.

अडचण अशी होती की ती ओळ लिहिली की तो नग खरा होता हेही लिहिल्यासारखे होते. मुक्या नगाच्या किरणोत्साराचे गणित कोण मांडतो? मी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली होती. हे कारण मी स्वतःला बरीच वर्षे दिले. दुसरे कारण जास्त खरे आहे. एका मुलीबद्दल 'काही होणार नाही' असे लिहायचे, आणि माझे दशांश चिन्ह एका घराने चुकलेले असले तर? मी गणित पुन्हा मांडले. तेच उत्तर आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडले. मग महिने गेले, आणि आता उशिराबद्दल काय लिहावे हे सुचेना. मग वर्षे गेली.

नोकरी संपल्यावर मी वाईला आलो. माझी थोरली बहीण अक्का माझ्याबरोबर राहते. तिला ऐंशी पूर्ण आहेत आणि या घरात जे काही बोलले जाते ते तीच बोलते.

या जानेवारीत त्याच अधिकाऱ्यांनी, आता सेवानिवृत्त, एका गप्पांच्या कार्यक्रमात तो किस्सा विनोद म्हणून सांगितला. "आम्ही एकदा खऱ्या बॉम्बचीच आरती केली होती!" लोक हसले, आणि आठ दिवसांत हसणे थांबले. पठाराखालच्या तालुक्यात बंद झाला. शहरांतून मोर्चे निघाले: आणखी कुठे पट्ट्या बदलल्या आहेत, दाखवा, मोजून दाखवा. प्रवक्ते म्हणाले, नग मुका होता, निवृत्त अधिकाऱ्यांनी थट्टा केली. पान ४१ दूरदर्शनवर दाखवले गेले, माझ्या तळटीपेखाली लाल रेघ ओढून. लोकांनी विश्वास ठेवला नाही आणि वाईटात वाईट ते खरे धरले. डेअऱ्यांनी पठारावरचे दूध नाकारले. त्या पूजेला हजर असलेली तीसेक कुटुंबे होती. त्यांच्या घरचे कोणी खोकले तरी आता गावात बातमी होत होती. डॉक्टर त्यांना म्हणत, सरकारी कागदावर काही घडलेलेच नाही, तर मी तपासू कशासाठी?

फेब्रुवारीत एका दुपारी अक्काने दार उघडले. बाहेर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, खांद्याला पिशवी.

"मी ओवी गायधनी. निवृत्ती गायधनींची मुलगी."

ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली. बाबा दिवाळीच्या आधी गेले, हृदयविकाराने, असे तिने सांगितले. त्या किस्स्याचा गाजावाजा त्यांना बघावा लागला नाही, तेवढे बरे झाले. मग पिशवीतून माझे आकाशदर्शनाचे पुस्तक काढून टेबलावर ठेवले. लोकांच्या वस्तू परत करायच्या अशी यादी बाबांनी करून ठेवली होती, त्यात हे पहिले होते. तिचे सोमनाथ नावाच्या एका शिक्षकाशी लग्न ठरलेले होते. जाताना बाबांनी तिला सांगितले होते की त्या घरी काही लपवायचे नाही. 'पुढे काही होईल का, हे मला शोधून काढता आले नाही, पण झाले तेवढे तू सांग.' तिने सांगितले. सोमनाथचे काही म्हणणे नव्हते, पण त्याच्या आईवडिलांनी, मुलेबाळे धड होतील का, याचा कागद मागितला होता. असा कागद कोणी देत नव्हते.

हे सगळे ती रडवेली न होता सांगत होती. सवय झाल्यासारखी.

"एक विचारू का, काका? बाबांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. ते मिळालं होतं का?"

डावा खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

"आठवत नाही," मी म्हणालो. "वय झालं आता."

तिने पिशवी खांद्याला लावली. "असेल," ती म्हणाली. "पोस्टाचं काय सांगावं." मग तिने वाकून नमस्कार केला. अक्काने तिच्या पिशवीत लाडवांचा डबा कोंबला आणि तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आली.

परत आल्यावर अक्का दारातच उभी राहिली. दर दिवाळीत मी खणात काय पुसतो, हे तिने कधी विचारले नव्हते. याचा अर्थ तिला माहीत नव्हते असा नाही.

"खोटं बोलायला तुला तेरा वर्षं लागली नाहीत रे, मुकुंदा," ती म्हणाली आणि आत गेली.

पुस्तक कपाटात ठेवायला उचलले तेव्हा आतून एक पातळ वही घसरली. ती ओवीकडून राहिली की तिने ठेवली, मला माहीत नाही. आत भांडारपालाचे अक्षर होते. पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, वजन, हिरड्या, नखे, केस, शेरा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ओळ. सगळ्यात उजवीकडच्या रकान्यावर लिहिले होते: 'सरांचे उत्तर'.

पहिल्या वर्षी प्रत्येक ओळीत पूर्ण शब्द होते: 'अद्याप नाही.' दुसऱ्या वर्षापासून नुसते 'अ. ना.' मधेच शेऱ्यात काही ओळी.

'केस गळतात असे वाटले. मोजले. आईचेही तेवढेच गळतात.'

'ओवीला १५ पूर्ण. तीन दिवस ताप. डॉक्टर म्हणतात साधा. सरांना पुन्हा लिहावे का? नको. त्यांनाही वरून त्रास होत असेल.'

'सहलीला जायचे म्हणते. पाठवले नाही. तिथे दवाखाना नाही.'

'सोमनाथ चांगला मुलगा वाटतो.'

शेवटची ओळ गेल्या १ ऑक्टोबरची. 'वजन ५२. हिरड्या, नखे, केस ठीक. अ. ना.'

मी ओळी मोजल्या नाहीत. दर ओळीला त्यांनी मुलीला उजेडात उभे केले असेल, तोंड उघडायला लावले असेल, हात पालथे करून बघितले असतील, आणि थट्टा करून वेळ मारून नेली असेल. माझ्या एका ओळीने ही वही पहिल्याच पानावर थांबली असती. तो माणूस नोकरी गेल्याने खचला नव्हता. तो माझी वाट बघत होता, आणि माझ्यासाठी सबबीही तोच शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. 'माझ्या अल्प माहितीनुसार', 'सर्वसाधारणपणे', 'तज्ज्ञांमध्ये मतभेद असू शकतात'. अक्काला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"यात उत्तर कुठंय?" तिने विचारले.

मी गणित शेवटचे एकदा मांडले. तेच आले. मग हे लिहिले:

"प्रिय निवृत्ती,

तुमचे पत्र मला मिळाले होते. त्याच आठवड्यात मला उत्तर माहीत होते.

खंडेनवमीला शेडमध्ये ठेवलेला नग खरा होता. चौकट बरोबर होती, तुमची नोंद बरोबर होती, क्रमांक तुम्ही बरोबर वाचला. समितीपुढे मी हे बोललो नाही.

ओवीला काही झालेले नाही आणि त्या दिवसामुळे पुढेही काही होणार नाही. तिच्या मुलांनाही होणार नाही. त्या शेडमध्ये आलेल्या कोणालाही होणार नाही. गणित सोबत जोडले आहे, कोणीही तपासावे.

तुम्ही एक ओळ मागितली होती. ती तुमच्या हयातीत मी लिहिली नाही. याबद्दल क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही.

मुकुंद आठल्ये"

खाली एका तळटीपेपुरती जागा उरली होती. पेन तिथे दोनदा गेले. मी टोपण लावले.

प्रती दोन केल्या. एक वर्तमानपत्राला, एक न्यायालयात जिथे पठारावरच्या लोकांनी दावा लावला आहे तिथे. गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल जे व्हायचे ते होईल. अक्काने विचारले, तुला धरून नेलं तर गोळ्या कोण आठवणीने घेणार? मग तिनेच औषधांची एक पिशवी भरून दारामागच्या खिळ्याला लावली.

मूळ पत्र रजिस्टर करायला मी पोस्टात गेलो. आता तिथे एकच खिडकी उरली आहे. पाकिटावर लिहिले होते: श्री. निवृत्ती गायधनी, द्वारा कु. ओवी गायधनी. खिडकीतल्या बाईंनी वजन केले, शिक्के मारले.

"काका, पोचपावती हवी का? मग घेणाऱ्याची सही लागेल. गायधनी स्वतः घेतील ना?"

मागे रांगेत दोन माणसे होती. बाई पेन धरून थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "त्यांची मुलगी घेईल."

त्यांनी तसे लिहून घेतले आणि पत्र मागच्या थैलीत टाकले.